दीर्घिकागुच्छाच्या वस्तुमानाचं 'आकलन', 'अंदाज' की 'अनुमान'?

प्रश्न : एका लेखाचं भाषांतर तपासतोय. आकाशाच्या सर्वेक्षणांतून दीर्घिकागुच्छांची (गुरुत्वाकर्षणानं एकत्र बांधलेल्या शेकडो दीर्घिकांची, म्हणजे गॅलक्सींची) वस्तुमानं कशी काढतात, असा विषय आहे. भाषांतरात जिथे तिथे 'वस्तुमानाचे आकलन' लिहिलंय, ते खटकतंय. 'अंदाज' करू का? की सरळ 'मापन'?

प्रतिसाद : 'आकलन' आधी काढा, ते हिंदीतून आलंय. मराठीत आकलन म्हणजे उमज. 'अंदाज' लिहून मोकळे व्हा.

प्रतिसाद : सगळीकडे 'अंदाज' नको. 'अंदाजे पाव किलो' म्हणतो तसा त्याला नुसत्या अदमासाचा वास येतो. इथे वस्तुमान थेट दिसत नाही, खुणांवरून काढावं लागतं. स्लोन या दुर्बिणीनं केलेल्या आकाश-सर्वेक्षणासारख्या पाहणीत गुच्छातल्या लालसर दीर्घिका मोजतात; जितक्या जास्त, तितका गुच्छ जड. क्ष-किरणांत दीर्घिकांच्या मधल्या जागेतला कोट्यवधी अंश तापलेला वायू दिसतो. याच वायूचा वैश्विक सूक्ष्मलहरींवर (विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या प्रारणावर) उमटलेला ठसा प्लांक उपग्रहानं टिपला. गुच्छामागच्या दीर्घिकांचे आकार गुरुत्वाकर्षणामुळे किती ताणले गेलेत, तेही पाहतात. धुरावरून डोंगरावरचा अग्नी ओळखणं म्हणजे न्यायशास्त्रातलं (कायद्याचं नव्हे, प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातलं) 'अनुमान', आणि इथे नेमकं तेच चाललंय.

न्यायशास्त्रात धूर आणि अग्नी यांच्या 'जिथे धूर तिथे अग्नी' या अतूट नात्याला 'व्याप्ती' म्हणतात. खरी गोची तिथेच होते. वायूचा दाब एकटाच गुरुत्वाकर्षण पेलून धरतो असं मानून वस्तुमान काढलं, तर ते कमी भरतं, कारण वायूतली खळबळही थोडा भार उचलत असते. प्लांकच्या मोजणीत जड गुच्छ अपेक्षेपेक्षा कमी निघाले. किती जड गुच्छ असावेत याचा जो हिशेब सूक्ष्मलहरींवरून निघतो, त्याच्याशी मेळ घालायचा, तर खरी वस्तुमानं काढलेल्यांच्या दीडपटीहून जास्त धरावी लागत होती. खुणा चोख टिपल्या होत्या, शंका व्याप्तीवर होती. हे 'अंदाज चुकला' म्हणून कसं सांगणार?

प्रतिसाद : तर्क पटला, पण 'अनुमान' वाचून अर्धे लोक हिंदीतला अर्थ घेतील, म्हणजे पुन्हा अंदाजच! मी असं करीन : पद्धतीला 'अनुमान', हाती आलेल्या आकड्याला 'अंदाजित वस्तुमान', आणि तापमान किंवा ताम्रसृती (प्रकाश लाल रंगाकडे सरकणं, त्यावरून वेग कळतो) यांना 'मापन'. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ साली कोमा गुच्छातल्या दीर्घिकांचे वेग घेतले, ते मापन. एवढ्या वेगानं पळूनही गुच्छ विखुरत नाही, म्हणजे दिसतं त्याच्या निदान ४०० पट द्रव्य हवं, हे अनुमान. तो आकडा पुढे बराच खाली आला (तेव्हा हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा दर, फार मोठा धरत), तरी न दिसणारं द्रव्य आहे हे टिकलं.

प्रश्नकर्ता : हे जमेल. आणि 'गुच्छ' की 'समूह'?

प्रतिसाद : गुच्छच. 'स्थानिक समूह' म्हणजे आपली आकाशगंगा, देवयानी दीर्घिका आणि लहानसहान मंडळी, 'समूह' तसल्या छोट्या जमावासाठी राहू द्या. भाषांतरात वस्तुमानाच्या जागी कुठे 'वजन' शिरलं असेल तर तेही हाकला.

प्रतिसाद : जाता जाता गंमत. मोठ्या गुच्छाचं वस्तुमान १ वर १४ शून्यं इतक्या सूर्यांएवढं. भास्कराचार्यांच्या संख्यानामांत त्याला 'जलधि' म्हणतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली जाहीर केलेला सरस्वती महागुच्छ (अनेक गुच्छांचा मिळून बनलेला) सुमारे २ 'मध्य' सूर्यांचा, म्हणजे २ वर १६ शून्यं.

प्रश्नकर्ता : मोह होतोय, पण 'एक जलधि सूर्य' छापलं तर वाचक समुद्र शोधत बसतील. घातांकच ठेवतो.