गाडीत ठेवायचा आपत्कालीन सीबी रेडिओ: नेवाडातील निर्जन रस्त्यावर कितपत भरवशाचा?

वाटसरू_यूटा (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो. डिसेंबरच्या सुट्टीत माझे सासूसासरे साताऱ्याहून येत आहेत आणि त्यांना घेऊन मोटारीने लेक टाहोला जाण्याचा आमचा बेत आहे. जाताना डेल्टा, ईली, युरेका, ऑस्टिन, फॅलन असा यूएस 50 हा जुना रस्ता धरावा, असे यजमानांच्या मनात आहे. रस्ता अतिशय देखणा आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु ईलीपासून फॅलनपर्यंतच्या सुमारे 415 किलोमीटरच्या टप्प्यात गाव म्हणावे अशी युरेका आणि ऑस्टिन ही दोनच ठिकाणे आहेत, मध्ये सात हजार फुटांहून उंच घाट आहेत आणि मोबाइलला कित्येक मैल रेंज मिळत नाही. सासऱ्यांना मधुमेह असून ते इन्सुलिन घेतात, त्यामुळे हिमवर्षावात गाडी अडकली तर मदत कशी मागवायची, ही काळजी मला सतावते आहे.

शेजारच्या गृहस्थांनी त्यांच्याकडचा आपत्कालीन सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे सामान्य लोकांसाठी खुला असलेला कमी पल्ल्याचा) रेडिओ देऊ केला आहे. हातात धरण्याजोगा 40 चॅनलचा संच, लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारी वायर आणि चुंबकी बुडाची एक आखूड अँटेना, असे सगळे एका प्लास्टिकच्या पेटीत आहे. आमच्या गाडीचा टप जवळजवळ पूर्ण काचेचा आहे, त्यामुळे अँटेना कोठे बसवायची हा पहिला प्रश्न. या संचासाठी परवाना लागतो का? आपत्कालीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या 9 क्रमांकाच्या चॅनलवर आज खरोखर कोणी ऐकत असते का? आणि केवळ या संचाच्या भरवशावर त्या रस्त्याने वृद्ध माणसांना घेऊन निघावे का? जाणकारांनी कृपया स्पष्ट मत द्यावे.

रेडिओवेडा

परवान्याचा प्रश्न सोपा आहे. अमेरिकेत सीबीसाठी परवाना लागत नाही. पूर्वी लागत असे, ती अट 1983 मध्ये गेली. 26.965 ते 27.405 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात 40 चॅनल आहेत आणि नेहमीच्या एएम पद्धतीत 4 वॅट ही शक्तीची कायदेशीर मर्यादा आहे. नव्या काही संचांवर एएमबरोबर एफएमही असते, कारण 2021 पासून त्याला परवानगी मिळाली. तुमच्या संचावर तशी सोय असेल, तर तो एएमवर ठेवावा, कारण रस्त्यावरचे ट्रकचालक एएमवरच बोलतात आणि दोन्ही बाजूंची पद्धत एक नसेल तर शब्द कळत नाहीत.

आता अँटेनाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सीबीचे सारे यशापयश तिच्यावर अवलंबून असते. या वारंवारितेची तरंगलांबी सुमारे 11 मीटर आहे, म्हणजे पाव तरंगलांबीची अँटेना पावणेतीन मीटर उंच हवी. तेवढी काठी मोटारीवर कोणी लावत नाही, म्हणून तारेचे वेटोळे घालून ती आखूड करतात आणि जितकी आखूड करावी तितकी तिची कार्यक्षमता घटते. संचाला थेट जोडायची रबरी अँटेना तर गाडीच्या आत बसून वापरण्यात जवळपास काहीच अर्थ नसतो, कारण चहूबाजूंचा पत्रा लहरी अडवतो. चुंबकी अँटेना बाहेर लावली, तर मोकळ्या सपाट प्रदेशात पाच-सात किलोमीटरपर्यंत बोलणे होऊ शकते. हातातल्या संचाच्या रबरी अँटेनाने बाहेर उभे राहूनही त्याच्या निम्मे अंतर गाठता आले तरी समाधान मानावे.

चुंबकी बुडाखालचा पत्रा हा अँटेनाचाच दुसरा भाग असतो. चुंबकाने चिकटण्यापुरतेच त्याचे काम नाही. काचेवर ती कशीबशी टेकवली, तरी लहरी नीट बाहेर पडणार नाहीत आणि प्रक्षेपणाची बरीचशी शक्ती संचाकडे परत येईल. तेव्हा डिकीचे झाकण किंवा बॉनेट पोलादी आहे का, हे घरातला फ्रिजवरचा चुंबक लावून आधी पाहावे. हल्ली अनेक गाड्यांचे पत्रे ॲल्युमिनियमचे असतात. फोर्डच्या एफ-150 ट्रकचा सांगाडा वगळता जवळजवळ सगळा बाह्यभाग 2015 च्या मॉडेलपासून तसाच आहे आणि त्यावर कोणताही चुंबक बसत नाही. पत्रा पोलादी निघाला, तर धूळ व मीठ पुसून अँटेना झाकणाच्या शक्य तितक्या मधोमध ठेवावी. पत्रा पोलादी नसेल, तर डिकीच्या कडेला स्क्रूने आवळायचा क्लॅम्प मिळतो. तो लावताना कडेखालचा रंग किंचित खरवडून धातूला धातू भिडेल असे पाहावे.

केबल मागच्या दारातून, खालच्या बाजूच्या रबरी पट्टीखालून आत घ्यावी. वरच्या कोपऱ्यातून घेतली, तर वितळलेल्या बर्फाचे पाणी केबलवरून ओघळत आत येते. दारात शिरण्याआधी केबलला खाली झुकणारा एक छोटा झोल ठेवला, म्हणजे पाणी तेथेच ठिबकून जाते.

यानंतर शेजाऱ्यांकडे किंवा एखाद्या हॅम (हौशी रेडिओचालक) मित्राकडे एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडे पाठवलेली शक्ती कितपत परत येते ते दाखवणारा) असेल, तर चॅनल 1, 19 आणि 40 वर मोजमाप घ्यावे. आकडा 2 च्या आत असला म्हणजे चालते, दीडच्या आसपास असला तर उत्तम, आणि 3 च्या वर गेला तर त्या स्थितीत बोलण्याची कळ दाबू नये; संचातला प्रक्षेपणाचा अंतिम भाग जळू शकतो. 40 वरचा आकडा 1 वरच्यापेक्षा मोठा असेल, तर अँटेना लांब पडते आहे असे समजून तिचे टोक थोडे आत सरकवावे. उलट असेल तर बाहेर काढावे. अँटेना न जोडता तर कळ मुळीच दाबू नये.

लांबपल्ला

मी गेली काही वर्षे यूएस 50 च्या उत्तरेकडून जाणाऱ्या आय-80 या महामार्गावर लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, त्यामुळे ऐकणारे कोण, याविषयी लिहितो. यूएस 50 चा विचार करताना हाच मुद्दा निर्णायक आहे, असे माझे ठाम मत आहे.

चॅनल 9 हे नियमानेच आपत्काल आणि प्रवाशांच्या मदतीसाठी राखून ठेवलेले आहे. 1962 मध्ये स्थापन झालेल्या ‘रिॲक्ट’ या स्वयंसेवकांच्या संघटनेने ते दीर्घकाळ ऐकले. मोबाइल आल्यानंतर मात्र तेथे कान लावून बसणारे फार कमी उरले. ज्यांच्या गाडीत सीबी चालू असतो ते ट्रकचालक चॅनल 19 वर असतात. म्हणून आधी 9 वर दोनदा हाक द्यावी, मिनिटभर थांबावे आणि उत्तर आले नाही तर लगेच 19 वर जावे. सगळ्याच ट्रकमध्ये आता सीबी नसतो आणि असला तरी एरवी पुष्कळजण तो बंद ठेवतात. पण वायोमिंगमध्ये लॅरमी आणि रॉलिन्सच्या दरम्यान बर्फाने रस्ता बंद झाला, की तेच संच एकामागून एक सुरू होतात आणि पुढे काय घडले आहे हे फोनच्या नकाशाच्या आधी कानावर येते.

आता अडचण पाहा. हे सगळे आय-80 वर. अवजड वाहतूक वेंडोव्हर, एल्को, विनमका, रीनो या मार्गाने जाते; यूएस 50 वर ट्रक तुरळक असतात आणि हिवाळ्यातल्या रात्री तर दोन वाहनांमध्ये फार मोठे अंतर पडते. त्यात नेवाडाची भूरचना अशी, की डोंगररांगा उत्तर-दक्षिण पसरलेल्या आणि रस्ता पूर्व-पश्चिम, म्हणजे तुम्ही एका खोऱ्यातून चढून पुढच्या खोऱ्यात उतरता आणि मागच्या खोऱ्यातला ट्रक डोंगराआड जातो. संच उत्तम, अँटेना उत्तम, तरीही तुमची हाक ऐकायला त्या खोऱ्यात कोणी नसेल, असे सहज घडू शकते.

म्हणून स्पष्ट सांगतो: वृद्ध माणसे आणि इन्सुलिन बरोबर असताना, डिसेंबरमध्ये, केवळ सीबीच्या भरवशावर यूएस 50 धरू नये. आय-80 ने जावे आणि सीबी जरूर बरोबर ठेवावा, कारण तेथे तो खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. यूएस 50 चा आग्रहच असेल, तर उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे साधन आधी घ्यावे. आयफोन 14 आणि त्यापुढच्या फोनमध्ये आपत्कालीन उपग्रह-संदेशाची सोय आहे; गार्मिनचे इनरीच हे वर्गणी भरून वापरायचे स्वतंत्र यंत्रही मिळते. दोन्हींना मोकळे आकाश लागते. फोनवर स्वतःच्या कंपनीची रेंज दिसत नसली, तरी 911 लावून पाहावे, कारण दुसऱ्या कंपनीचा मनोरा टप्प्यात असेल तर तो कॉल स्वीकारतो.

हाक कशी द्यावी, तेही घरीच ठरवून ठेवा. कळ दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोलावे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. ‘ब्रेक वन-नाईन’ म्हणून जागा मागावी आणि मग रस्ता, दिशा, मैलाच्या पाटीवरचा आकडा, गाडीत किती माणसे, काय हवे, या क्रमाने सांगून कळ सोडावी. कळ दाबलेली असताना समोरचा काहीही बोलला तरी तुम्हाला ऐकू येत नाही. घाबरलेला माणूस नेमकी तीच धरून ठेवतो. ज्याने उत्तर दिले त्याला 911 ला कळवण्याची विनंती करावी आणि त्याच्याकडून मैलाचा आकडा परत वदवून घ्यावा. बोलण्याचे काम चालकाने न करता शेजारी बसलेल्याने करावे.

आणि संचाइतकेच महत्त्वाचे: बर्फात अडकल्यास गाडी सोडून चालत निघू नये. उबेसाठी तासातून सुमारे दहा मिनिटे इंजिन चालवावे, परंतु त्याआधी दर वेळी सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढावा आणि एक खिडकी किंचित उघडी ठेवावी. इन्सुलिन डिकीत ठेवू नका. ते एकदा गोठले की निकामी होते. अंगावरच्या कपड्यांच्या आतल्या खिशात ठेवलेले बरे.

सह्याद्री_पुणे

चर्चा वाचून एक शंका आली. माझा भाऊ टेक्सासमध्ये असतो. असा संच त्याच्याकडून मागवून भारतात ताम्हिणी किंवा वरंध घाटात वापरता येईल का?

रेडिओवेडा

मागवू नये, असेच सुचवीन. भारतात 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ हा पट्टा 2005 पासून परवानामुक्त आहे, पण त्यासाठी शक्ती 5 वॅटपर्यंत आणि अँटेना संचातच बसवलेली असावी, अशी अट आहे. अमेरिकी संचाची वरची चॅनले या पट्ट्याबाहेर जातात आणि टपावरची चुंबकी अँटेना अटीत बसत नाही. शिवाय घाटात तुमचे ऐकायला दुसऱ्या कोणाच्या गाडीत सीबी नसतोच. दोन-तीन गाड्यांनी मिळून जायचे असेल, तर 2018 पासून परवानामुक्त झालेल्या 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले, भारतात मान्यता मिळालेले वॉकीटॉकी घ्यावेत.

वाटसरू_यूटा

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांना हा धागा वाचायला दिला आणि आय-80 ने जायचे ठरले. डिकीचे झाकण पोलादी निघाले, अँटेना तेथे बसवली आहे. आता दोन अडचणी आहेत. इंजिन चालू केले, की संचातून सतत किणकिण असा आवाज येतो आणि वेग वाढवला की तोही चढत जातो. दुसरे म्हणजे, गाडी बंद केली की लायटरचे सॉकेटही बंद होते. मग नेमक्या अडकलेल्या वेळी संच चालणार कसा?

रेडिओवेडा

वेगाबरोबर चढणारा तो आवाज अल्टरनेटरचा आहे; बहुधा तो लायटरच्या वायरमधून शिरतो. खात्री करण्यासाठी वायर काढून संच सेलवर चालवावा. आवाज थांबला, तर त्या वायरमध्ये अल्टरनेटरचा आवाज गाळणारा 12 व्होल्टचा फिल्टर जोडावा.  वायर काढूनही आवाज राहिला, तर तो अँटेनातून येत आहे, आणि मग चुंबकाखालची जागा पुन्हा स्वच्छ करून केबल इंजिनापासून शक्य तितकी दूर न्यावी. तोवर स्क्वेल्च (खरखर दाबणारे बटण) इतकाच फिरवावा, की खरखर जेमतेम थांबेल. त्यापुढे फिरवला तर दूरची क्षीण हाकही त्याच्याबरोबर दबून जाते.

सॉकेट बंद होण्यावर उपाय आहे. बहुतेक गाड्यांत किल्ली ॲक्सेसरीच्या स्थितीत ठेवली, म्हणजे इंजिन न लावताही ते चालू राहते. संच नुसता ऐकत असताना फार थोडा प्रवाह घेतो आणि बोलताना एक-दोन ॲम्पियर, त्यामुळे गाडीची बॅटरी ठीक असेल तर तिच्यावर ताण पडत नाही. दिवे आणि पंखा मात्र बंद ठेवावेत. याशिवाय संचाच्या सेलच्या खणात साधे अल्कलाइन सेल न भरता लिथियमचे एए सेल भरावेत, कारण शून्याखालच्या थंडीत अल्कलाइन सेल लवकर माना टाकतात. प्रवासात सेल संचाबाहेर, कोरड्या डबीत ठेवावेत आणि निघण्याच्या आदल्या दिवशी एकदा भरून, चॅनल 19 लावून, घराजवळच्या महामार्गावर प्रत्यक्ष ट्रकचालकाला ‘रेडिओ चेक’ मागावा, म्हणजे आपले बोलणे ऐकू येते का ते विचारावे.

लांबपल्ला

वेंडोव्हरच्या अलीकडे ट्रकच्या थांब्यावर हा रेडिओ चेक मागितलात, तर उत्तर हमखास मिळेल. तेथे सासऱ्यांच्या हातीही माइक द्या. चालक आणि तुम्ही दोघेही बाहेर बर्फ काढत असाल, त्या वेळी गाडीत तेच असतील.