वसतिगृहाला रोज शिजवलेलं जेवण आणि दह्याचे कप: परवाना, लेबल आणि डब्यातलं तापमान

शेगडी_नऊजणी
नमस्कार. आमच्या नऊ जणींच्या बचत गटाला नाशिकपासून 18 किलोमीटरवरच्या एका शासकीय वसतिगृहाचं दुपारचं जेवण द्यायचं आहे. मुलं 220. पोळ्या, उसळ, वरण, भात, कोशिंबीर आणि आठवड्यातून दोनदा 100 ग्रॅम दह्याचा सीलबंद कप. पंगत 12.30 ला बसते, स्वयंपाक आमच्या जागेत, टेम्पोने पोहोचवायचा.
आतापर्यंत घरगुती डब्यांसाठी अन्न सुरक्षेची साधी नोंदणी आहे. तीच चालेल का? सरकारी संस्था आहे, दुकानात विक्री नाही, तेव्हा लेबल लागत नाही असं दोघातिघांनी सांगितलं, ते खरं का? वरणासाठी 50 लिटरचा एक थर्मल डबा बघून ठेवलाय, तो पुरेल का? आणि भात सकाळी आठलाच करून ठेवला तर शेगड्या पोळ्यांना मोकळ्या होतात, हे बरोबर राहील ना?

नियमांची_वही
ताई, आधी नोंदणीचं. नोंदणी पुरेल की राज्य परवाना लागेल हे वर्षाच्या उलाढालीवर ठरतं. उलाढाल म्हणजे नफा नाही, सगळ्या बिलांची बेरीज. घरगुती डबे आणि वसतिगृह दोन्ही त्यात धरा. 220 ताटांचं वर्षाचं बिल घरगुती डब्यांच्या कितीतरी पट होतं, म्हणून फॉस्कॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर सध्याची मर्यादा बघून करारावर सही करण्याआधी अर्ज करा. अर्जात व्यवसायाचा प्रकार ‘केटरर’ असा हवा आणि पत्ता प्रत्यक्ष स्वयंपाक होतो त्याच जागेचा. अध्यक्षांच्या घरचा पत्ता देऊन स्वयंपाक समाजमंदिरात केला, तर तो परवाना त्या स्वयंपाकघराचा ठरत नाही, आणि तपासणीत पहिल्यांदा हेच निघतं. पुढे कधी रेल्वे, विमानतळ किंवा देवळालीच्या लष्करी आवारातलं काम मिळालं, तर तिथे केंद्रीय परवाना लागतो.

‘सरकारी संस्था, म्हणून विक्री नाही’ हे साफ चूक. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात घाऊक असो वा किरकोळ, रोख असो वा उधार, सगळी विक्रीच आहे. अन्न व्यवसायाच्या व्याख्येत तर नफा असो नसो, खासगी असो सरकारी, सगळे येतात.

लेबलचं मात्र दोन भागांत बघा. परत येणाऱ्या डब्यातलं वरण-भात हे ग्राहकाच्या हातात जाणारं पॅकबंद अन्न नाही. त्यावर पोषणमूल्यांचा तक्ता छापत बसू नका. पण 2020 च्या लेबलिंग नियमांत किरकोळ विक्रीसाठी नसलेल्या डब्यांवर काय असावं ते दिलंय, तेच इथे वापरा: पदार्थाचं नाव, वजन, परवाना क्रमांक एफएसएसएआयच्या (केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) लोगोसह, तारीख, घाण्याचा (बॅचचा) क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता. डब्याच्या कडीला प्लॅस्टिकच्या पाकिटातली चिठ्ठी बांधली की काम होतं. त्यावर ‘शेगडीवरून उतरवलं’ आणि ‘या वेळेपर्यंत वाढा’ अशा दोन वेळाही लिहा. कायदा तेवढं मागत नाही, पण वाढणाऱ्याला लागतं तेच.

दह्याचा सीलबंद कप हे पूर्ण पॅकबंद अन्न. त्यावर घटक, दूध असल्याची ॲलर्जीची सूचना, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, पोषणमूल्यं, निव्वळ वजन, परवान्याचा 14 अंकी क्रमांक, लॉट म्हणजे घाण्याचा क्रमांक, सगळं हवं. 100 चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या छोट्या वेष्टनाला काही सूट आहे, पण तोंडाचा व्यास 7, बुडाचा 5 आणि उंची 5 सेंटिमीटर असा कप घेतला तर नुसती बाजू 96 भरते आणि झाकण 38. म्हणजे सूट नाही. सात दिवसांपर्यंतच टिकणाऱ्या पदार्थावर उत्पादनाची तारीख नसली तरी चालते, वापरण्याची अंतिम तारीख मात्र हवीच. मी म्हणेन दोन्ही टाका.

भाषेत बरेच गट अडकतात. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत लागते. मराठी सोबत छापता येते, पण फक्त मराठी लेबल नियमात बसत नाही. दिशाभूल करणाऱ्या किंवा अपुऱ्या लेबलसाठी कलम 52 खाली 3 लाखांपर्यंत दंड आहे, तेव्हा हजार कप छापण्याआधी मसुदा कुणा जाणकाराला दाखवा. संस्थेला थेट देत असाल आणि कपावर ‘किरकोळ विक्रीसाठी नाही’ असं छापलं असेल, तर वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमांतली कमाल किमतीची अट लागू होत नाही. अन्न सुरक्षेचं लेबल मात्र त्याने सुटत नाही.

बिलावरही अन्न परवान्याचा क्रमांक छापायचा, 1 जानेवारी 2022 पासून ते सक्तीचं आहे. सोबत नमुना ‘ई’मधली, माल नियमांत बसतो अशी हमी बिलावरच छापून द्या, वेगळा कागद हरवतो.

मोठं_पातेलं
भाताबद्दल आधी बोलते, कारण सगळ्यात जास्त धोका तिथे आहे. आठला शिजवून परातीत पसरून पंचाने झाकलेला भात साडेबारापर्यंत नाशिकच्या उन्हाळ्यात 35 अंशांवर येऊन पडून राहतो. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवताना मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि उलटी करवणारं विष तयार करतात, आणि ते विष परत गरम केल्यावर जात नाही. वाफ काढली म्हणजे भात सुरक्षित झाला ही समजूत सोडा. भात सगळ्यात शेवटी करायचा: 10.45 ला उतरवा, 11.00 ला डब्यात, 11.20 ला टेम्पो.

मापं अशी धरा. माणशी 75 ग्रॅम तांदूळ म्हटलं तर साडेसोळा किलो, शिजून 42 ते 45 किलो. पोळ्या प्रत्येकी तीन म्हणजे 660, तीस ग्रॅमच्या गोळीने 20 किलो कणीक. एक बाई लाटून-भाजून तासाला साठेक पोळ्या करते, म्हणजे अकरा तासांचं काम. चार जणींनी आठला सुरुवात केली तर पावणेअकराला संपतं. पोळ्या लवकर झाल्या तरी भिती नाही, त्या कोरड्या असतात. त्यांचं बिघडतं ते वाफेने. गरम चळत थेट डब्यात गेली की खालच्या पोळ्या ओल्या होऊन चिकटतात. जाळीवर किंवा सुती कापडावर दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, मग दहा-दहाच्या चळती धुतलेल्या पंचात गुंडाळा. वर्तमानपत्र अजिबात नको, शाई अन्नाला लागते आणि पॅकेजिंगच्या नियमांतही त्याला मनाई आहे.

आता वरण. माणशी 150 मिली म्हणजे 33 लिटर. 50 लिटरच्या डब्यात वर 17 लिटर हवा राहील आणि ती वरणाची उष्णता खाईल. त्याऐवजी 20 लिटरचे दोन डबे घ्या. रिकाम्या डब्यात आधी उकळतं पाणी ओतून झाकण लावून दहा मिनिटं ठेवा, मग ओतून टाका आणि लगेच वरण भरा. थंड डब्यात भरलं की पहिल्या पाच मिनिटांतच आठ-दहा अंश जातात. भरताना वरण 85 च्या वर हवं. वाढेपर्यंत ते 60 च्या खाली उतरता कामा नये. झाकणाचं रबर महिन्याला बघा, ते कडक झालं की वाफ तिथूनच निघते. उसळ दाट असते, मधला भाग उशिरा तापतो, तेव्हा थर्मामीटर पातेल्याच्या मध्यावर खुपसून 75 दिसल्याशिवाय उतरवू नका.

कोशिंबीर तिकडे जाऊनच कालवा. काकडी-टोमॅटो आधी माती निघेपर्यंत धुवा, कारण माती क्लोरीन खाऊन टाकते. मग 10 लिटर पाण्यात 5 टक्क्यांचं वास-रंग नसलेलं सोडियम हायपोक्लोराइट 10 मिली, म्हणजे 50 पीपीएम (दहा लाखांत 50 भाग). पाच मिनिटं ठेवून पिण्याच्या पाण्याने खंगाळा. चिरून थंड डब्यात न्या. मीठ आणि दही वाढायच्या आधी दहा मिनिटं.

शेगडी_नऊजणी
भाताचं तर माहीतच नव्हतं, वेळापत्रक तसंच बदलते. थर्मामीटर साधा चालेल का? आणि दही आम्ही घरी विरजतो, कपात भरून सील करायचं यंत्र घ्यायचा विचार होता.

नियमांची_वही
यंत्र तूर्त घेऊ नका. दही विरजून, सीलबंद करून देणं हे केटरिंग नव्हे, दुग्धपदार्थाचं उत्पादन आहे. परवान्यात तो प्रकार वेगळा घालावा लागतो, शिवाय पोषणमूल्यं काढून घेणं आलंच. आठवड्याला 440 कपांसाठी परवानाधारक डेअरीचे सीलबंद कप घ्या, त्यांचं लेबल त्यांच्या जबाबदारीवर. तुमच्याकडे राहते ती फक्त थंडी: कप 5 अंशांच्या आत, शीतपेटी आदल्या रात्री थंड करून ठेवलेली, आणि बर्फ घाऊक लादीचा असेल तर तो पिशवीत बांधून, कपांना न लागता.

बाकी तीन गोष्टी तपासणीत मागतातच. प्रत्येकीचं वर्षाचं वैद्यकीय प्रमाणपत्र परवाना नियमांच्या अनुसूची 4 मधल्या नमुन्यात, पाण्याचा आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे अहवाल, आणि फॉस्टॅक हे अन्न सुरक्षेचं सरकारी प्रशिक्षण घेतलेली एक पर्यवेक्षक. 25 जणांमागे एक लागते, तुम्ही नऊ आहात, एक पुरे.

कोठी_पोच
वसतिगृहाच्या बाजूने लिहितो. थर्मामीटर खुपसता येणारा डिजिटल घ्या, काचेचा नको, फुटला तर अख्खं पातेलं टाकावं लागतं. दर सोमवारी पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घेऊन दोन मिनिटं बुडवा, 0 दिसायला हवा. एक-दीड अंश फरक असेल तर वहीत तसं लिहा आणि जास्त दाखवत असेल तर तेवढी वजाबाकी, कमी दाखवत असेल तर बेरीज करा. उकळत्या पाण्याने तपासत असाल तर नाशिकच्या उंचीवर पाणी 98 च्या आसपास उकळतं. 100 दिसलं नाही म्हणून थर्मामीटर फेकू नका.

पोच घेताना डबा आधी ढवळून मग मध्ये मोजायचा. वर 70 आणि तळाशी 55 असं वरणात हमखास असतं. 60 च्या खाली आलं आणि उतरवल्याला दोन तास झाले नसतील, तर आमच्याकडे 75 पर्यंत तापवून घेतो. वेळच लिहिलेली नसेल तर परत पाठवतो. भात परत तापवून घेत नाही, वर ताईंनी सांगितलंय त्याच कारणाने. म्हणून ती चिठ्ठी चलनाइतकीच सांभाळा.

नमुना तुमच्याकडेही ठेवा, फक्त आमच्याकडे नको. प्रत्येक पदार्थाचे 200 ग्रॅम, उकळत्या पाण्यातून काढलेल्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत, स्वच्छ चमच्याने, हात न लावता. डबीवर तारीख, पदार्थ, भरल्याची वेळ आणि भरणारीची सही. फ्रिजमध्ये 72 तास. मुलांना त्रास झाला तर तो तुमच्या वरणाचा, आमच्या पाण्याच्या टाकीचा की बाहेरून आणलेल्या खाऊचा, हे त्या डबीवरूनच कळायला मदत होते. उरलेलं अन्न मात्र परत नेऊ नका. करारात ‘उरलेलं संस्थेत नष्ट करायचं’ असं लिहून घ्या, नाहीतर टेम्पोवाला तेच डबे संध्याकाळच्या ऑर्डरला जोडतो.