बारावीच्या पोरांची पार्टी, बिअर "आमच्या नजरेखाली". तुम्ही पाठवाल?

फोंड्याची_आई
मुलगा बारावीत, 17 पूर्ण. शनिवारी पर्वरीला वर्गातल्या एकाचा वाढदिवस आहे, रात्री 1 पर्यंत. त्या मुलाच्या आईचा परवा फोन, एकदम गोड आवाजात, "वहिनी टेन्शन घेऊ नका, फक्त बिअर ठेवतोय, आम्ही वरच्या मजल्यावर असणार, स्कूटरच्या चाव्या काढून घेऊ, बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरात बरी ना." मी तेव्हा हो हो केलं आणि फोन ठेवल्यावर माझं डोकं फिरलं. मुलाला नाही म्हटलं, तर दोन दिवस जेवताना फक्त ताटाचा आवाज. चुकतेय का मी?

भाटकार_डिचोली
चुकताय. गोव्यात राहून दारू लपवणार कुठे? आमच्या आजोबांची काजूची भट्टी होती, एप्रिल आला की घरभर उर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा वास, बोंडू तुडवतच मोठे झालो आम्ही. कोणी गटारात पडला नाही. नाही म्हटलं की पोरगं किनाऱ्यावर जाऊन पितं, एवढंच होतं.

कळंगुट_नको
भाटकार, जे पडले ते इथे लिहायला येत नाहीत ना.
आणि गोव्यात दारूचं वय 21 आहे हो. शिवाय 18 च्या आतल्या पोराला दारू दिली तर बाल न्याय कायदा 2015, कलम 77, 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. "नजरेखाली दिली" म्हणून सूट नाहीये त्यात. ती बाई दुसऱ्यांची पोरं अंगावर घेतेय.

भाटकार_डिचोली
कलमं राहू देत, आमच्या नाक्यावरच्या दुकानात दहावीतल्या पोराला कोणी वय विचारत नाही.

उंडा_चहा
"घरात थोडी दिली की बाहेर कमी पितात" हे मलाही पटायचं. पण ऑस्ट्रेलियात 1,927 मुलांना 6 वर्षं फॉलो केलं होतं, 2018 ला निकाल आला, आईबापांनी दिल्याचा काहीच फायदा दिसला नाही, उलट त्या मुलांना दुसरीकडून मिळायचं प्रमाण वाढलं. पोराला बहुतेक एवढंच कळतं की आपल्या घरी चालतं.

पार्टीवाली_आई
मी अशी पार्टी ठेवलेली आहे, माझ्यावरही दगड मारा. एक मुलगी खूप प्यायली, पोरांनी तिला सोफ्यावर उताणी झोपवून वर पंखा लावला आणि नाचायला गेली. मी खाली आले म्हणून दिसलं. कुशीवर वळवली, तोंडाखाली टॉवेल घातला, ओकली तरी गुदमरली नाही. पोरं कॉफी पाजायला निघाली होती! मोठं कोणी घरात नसतं तर काय झालं असतं?

कळंगुट_नको
तुमच्या घरी दारू नसती तर काय झालं असतं? बरं, तिच्या आईला फोन केला?

पार्टीवाली_आई
सकाळी केला.

कळंगुट_नको
सकाळी का?

उंडा_चहा
दोघी थांबा. उताणं झोपवायचं नाही, एकटं सोडायचं नाही, हलवूनही उठत नसेल किंवा श्वास अडकत असेल तर सरळ 108. हे पोरांनाच सांगून ठेवा, कारण "घरी कळेल" म्हणून फोन करायला तीच घाबरतात.

शिक्षिका_म्हापसा
बिअरवर भांडताय, व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं कोणी बोलतच नाही. 2019 पासून देशभर बंदी आहे, तरी मला नववीच्या कंपासपेटीत सापडली. मला हायलायटर वाटला, आंब्याचा वास येत होता. मुलगी म्हणते, "टीचर, नुसती वाफ आहे." निकोटीन आहे त्यात, हे तिला खरंच माहीत नव्हतं. आता मी दप्तरांची झडती घेत नाही, विचारते. झडती सुरू झाली की पोरं जागा बदलतात, सवय नाही.

भाटकार_डिचोली
हे मात्र पटलं. व्हेप म्हणजे काय ते मला अजून कळत नाही, नातवाला विचारायला हवं, पण विचारलं तर तो माझ्या फेणीचं काढेल.

उंडा_चहा
फोंड्याची_आई, आमच्याकडे एक खूण ठरलीय. मुलीचा मेसेज आला, "पोदेराला उंडे किती सांगू?" (पाववाल्याला पाव किती सांगू) की मी फोन करून मोठ्याने ओरडते, आत्ताच्या आत्ता घरी ये. मैत्रिणींपुढे वाईट मी होते. गाडीत एकही प्रश्न नाही, जे काय ते दुसऱ्या दिवशी जेवणानंतर. आतापर्यंत दोनदा आला.

कळंगुट_नको
म्हणजे पाठवायचंच? प्रश्न नाही विचारायचे म्हणजे लाडच झाले.

फोंड्याची_आई
रविवार सकाळ. पाठवला, 11 पर्यंत, स्कूटर घरी ठेवून. त्या बाईंना स्पष्ट सांगितलं, माझ्या मुलाला बिअर चालणार नाही. म्हणाल्या "तुमच्याला नाही देणार", बाकीच्यांचं काय ते बोलल्याच नाहीत. 10:20 ला उंड्यांचा मेसेज आला. नवरा चपला घालूनच बसला होता. आणायला गेला एकाला, गाडीत बसले तिघे. तिसऱ्याने मागच्या सीटवर केली उलटी. त्याच्या आईला रात्रीच फोन केला, ती आधी माझ्यावरच चिडली.
भाटकार, सीट धुवायला कधी येताय?