मदत हवी आहे: कमी मिठाचं लिंबाचं लोणचं

नमस्कार ताई-काकूंनो. परभणीत सध्या कागदी लिंबं स्वस्त आहेत, लोणचं घालायचंय. पण सासऱ्यांना बीपी, मीठ कमी करायला सांगितलंय. आणि ज्वारीच्या भाकरीसोबत लोणच्याची फोड नसली तर त्यांचं जेवणच होत नाही. लोणचं मिठावर आणि आंबटपणावर टिकतं, मीठ कमी पडलं की बुरशी धरते. गोड करावं तर सासूबाईंना शुगर. थोडं थोडं करून फ्रिजमध्ये ठेवलं तर किती दिवस चालेल? तोवर वरणावर, मेथीच्या भाजीवर लिंबू पिळून देते. क जीवनसत्त्वामुळे भाजीतलं लोहही अंगी लागतं.

आणखी एक, जाऊबाई लिंबाचा रस चेहऱ्याला लावून गच्चीवर वाळवणं घालतात. रसावर ऊन पडलं की काळे डाग उठतात. त्यांना दुसरं काय सुचवू?