पहिला फटका अडवते, रिबाउंडवर गोल खाते. काय चुकतंय?

पिंपरीची_कीपर
मी दहावीत आहे. दोन वर्षं हॉकीत कीपिंग करतेय, नेहरूनगरच्या टर्फवर सराव असतो. परवाची मॅच ०-३ हरलो आणि तिन्ही गोल सारखेच. फटका मी पायाने अडवला, बॉल सरळ समोर पेनल्टी स्पॉटकडे गेला, तिथल्या मुलीने आत ढकलला. तिसऱ्या वेळी तर मी अजून जमिनीवरच होते. जुन्या पॅडवर असं होत नव्हतं, दिवाळीत बाबांनी फोमचे नवे घेतले. सर म्हणतात पुढे ये. पण पुढे आले की बॉल डोक्यावरून जाईल अशी भीती वाटते. त्या रात्री झोपच लागली नाही.

खडकीवाला
बाळा, अडवणं तुला येतंय. फरक पॅडचा आहे. आम्ही वेताच्या काड्या आणि कापूस भरलेले पॅड बांधून खेळायचो. बॉल लागला की पायाशी मरून पडायचा, मग लाथेने बाहेर काढायचा. फोम त्याला मरू देत नाही. त्यामुळे अडवणं आणि काढणं आता एकाच पावलात करावं लागतं.

बॉल किकरच्या, म्हणजे पायातल्या फोमच्या बुटाच्या, टोकावर घेऊ नकोस. पाऊल बाहेरच्या बाजूला वळव, आतली बाजू बॉलला लागू दे. गुडघा बॉलच्या वर, डोकं गुडघ्याच्या वर. मागे झुकलीस की बॉल उडतो. उजवीकडचा फटका उजव्या साइडलाइनकडेच गेला पाहिजे. मागच्या रेषेबाहेर गेला तरी घाबरू नकोस, कीपरला लागून गेला तर समोरच्यांना लांबून सुरू होणारा लाँग कॉर्नर मिळतो, गोलजवळून घेतला जाणारा धोक्याचा पेनल्टी कॉर्नर नाही. समोर मात्र कधीही नाही. बाबांना सहा मीटरवरून टेनिस बॉल सरपटत टाकायला सांग, दोन्ही बाजूंना एकेक चप्पल ठेव आणि किती लागतात ते मोज.

आता पुढे येण्याचं. दोन्ही खांबांना दोरी बांध आणि टोकं पेनल्टी स्पॉटवर, म्हणजे ६.४० मीटरवर, एकत्र धरायला सांग. गोल ३.६६ मीटर रुंद, रेषेवर उभी राहिलीस तर ते सगळं तुला सांभाळायचंय. दोन मीटर पुढे ये, दोऱ्यांमधलं अंतर अडीच मीटर उरतं. उंचीचंही तसंच. स्पॉटवरून सरळ रेषेत मारलेला बॉल २.१४ मीटरच्या आडव्या खांबाखाली जाणार असेल, तर तुझ्यापाशी तो दीड मीटरच्या आतच असतो. लॉब, म्हणजे उंच उचललेला बॉल, वरून जाईल, पण इतक्या जवळून तो मारणं सोपं नाही. मला हे पंचविशीत एकाने दोरी धरून दाखवलं. तोवर मी रेषेला चिकटून खेळलो, त्याची हळहळ अजून वाटते.

नागपूरची_फुलबॅक
सगळा भार कीपरवर टाकू नका. स्पॉटवरची ती मुलगी तिन्ही वेळा मोकळी कशी? फटका बसला की आम्ही बचाववाल्या वळून बॉलकडे बघत राहतो, तिथेच घात होतो. समोरचीची स्टिक मागे गेली की आपण धरायची ती मुलगी शोधायची आणि आपली स्टिक तिच्या स्टिकच्या पुढे जमिनीवर टेकवायची. पाय लांब ठेवायचा, बचाववालीच्या पायाला लागला की पीसी, म्हणजे पेनल्टी कॉर्नर. आणि तू ओरड गं! मागून सगळं तुलाच दिसतं. "डावीकडे मोकळी आहे" हे आम्हाला तूच सांगू शकतेस.

टोकियो ऑलिंपिकमधली आपल्या मुलींची ऑस्ट्रेलियाविरुद्धची क्वार्टर फायनल, २ ऑगस्ट २०२१, पुन्हा बघ. त्यांना सात पीसी मिळाले, गोल एकही नाही. आपण १-० जिंकलो. या वेळी आपली कीपर सविता पुनिया हिच्याबरोबर तिच्या पुढच्या चौघींकडेही बघ, कोण कुणाला धरतेय ते.

पिंपरीची_कीपर
दोरीचं आज केलं. बाबांनी टेपने मोजलं, खरंच अडीच मीटर! चाळीस बॉलपैकी अकरा चपलेला लागले, पण सगळे उजव्या पायाचे. डावा पाय वळतच नाही.

खडकीवाला
वजन उजव्या पायावरच राहत असेल. डावा नुसता लांबवू नकोस, पाऊल टाक आणि अंग त्याच्या मागे ने. उद्या फक्त डावीकडचे वीस घे आणि आकडा इथे लिही.