मदत हवी आहे: १८ तारखेच्या कार्यक्रमाला डॉक्टरीण हवी (तातडीचे)

अबोली_बार्देश:
नमस्कार मंडळी. १८ ऑक्टोबरला जागतिक रजोनिवृत्ती दिन असतो, त्या दिवशी आमच्या महिला मंडळाने पाळी जाण्याच्या विषयावर कार्यक्रम ठेवलाय. यायच्या होत्या त्या डॉक्टरांनी काल रात्री कळवलं, जमत नाही. पत्रकं वाटून झालीत, चहा-भज्यांची ऑर्डर गेलीय. दुसरी डॉक्टरीण कोणाच्या ओळखीत आहे का? मानधन देऊ. लवकर सांगा, आणि 'गूगल करून बघा' म्हणू नका प्लीज.

माडाखाली:
गाव कुठलं? वेळ काय? पार दक्षिण गोव्यातल्या काणकोणची डॉक्टर सांगून उपयोग आहे का?

अबोली_बार्देश:
थिवी-अस्नोड्याच्या बाजूला. नावातच बार्देश लिहिलंय की! दुपारी साडेतीन.

कोथरूडकर:
एवढं टेन्शन कशाला? आशाताईंना हाताशी धरा, त्या घरोघरी जातातच. आम्ही सोसायटीत हा विषय झूमवर घेतला होता, फार छान झाला. हवं तर त्या मॅडमचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करतो.

माडाखाली:
आमच्याकडे गोव्यात आशाताई नाहीत हो, एएनएम (आरोग्य केंद्राची नर्स) आणि अंगणवाडी सेविका. आणि आमच्या गावच्या बायका साडेतीनला झूम लावून बसल्यात, हे एकदा बघायचंय मला.
अबोली, साडेतीनला कापणीतून कोण येणार? संध्याकाळ धरा. आणि भाषण कोंकणीतून की मराठीतून?

अबोली_बार्देश:
कापणी मशीनने होते आता. संध्याकाळी जमत नाही, ऑक्टोबरभर ख्रिश्चन बायकांचं तेर्स (रोझरीची प्रार्थना) असतं आणि आमच्यातल्या निम्म्या त्याच आहेत. म्हणजे भाषण कोंकणीतूनच, हे वेगळं सांगायला हवं?

सत्तरीची_शांता:
हवं ना गो बाय! मी ज्यांचं नाव देणार होते त्या सोलापूरच्या, कोंकणी शून्य. बरं, जागा कुठे घेतली आहे?

अबोली_बार्देश:
आधी देवळाचा मंडप ठरला होता. विषय कळल्यावर समितीतला एक म्हणाला, "असले विषय देवासमोर नकोत." बाकीचे गप्प. आता प्राथमिक शाळेचा वर्ग मिळालाय. पण माझा प्रश्न जागेचा नाही, डॉक्टरचा आहे.

सत्तरीची_शांता:
शाळा मिळाली ते बरंच झालं, तिथे सगळ्याच येतील. आमचा अनुभव सांगते. वाळपईच्या बाजूला आम्ही असाच कार्यक्रम केला. डॉक्टर चांगल्या होत्या, पडद्यावर गर्भाशयाची रंगीत चित्रं दाखवली. "प्रश्न विचारा" म्हटल्यावर सगळ्या जमिनीकडे बघायला लागल्या. चहा आला तसा एक जण कप हातात धरून शेजारणीला हळूच म्हणाली, रात्री अंगातून वाफा निघतात म्हणून मी सोप्यावर जाऊन निजते, आणि घोव समजतो रुसले. एवढं ऐकून तिच्या मागच्या दोघी खुर्च्या ओढून पुढे आल्या. एकीला झोप नाही, एकीची छाती धडधडते म्हणून ईसीजी काढून झालेला. डॉक्टर तोवर पर्स घेऊन गाडीकडे निघालेल्या! तेव्हा चहा आधी द्या, डॉक्टर मागून. भजी मात्र अगदी शेवटी, नाहीतर भजी खाऊन मंडळी घरी.

निवृत्त_सिस्टर:
डॉक्टरच हवी हा हट्ट का? मी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नोकरी केली, आता घरीच असते. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरायचं. आपल्याकडे साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, चाळिशीच्या आत गेली तर मात्र तपासणी हवीच. गेल्यावर वर्षा-दोन वर्षांनी थेंबभर रक्त दिसलं तरी लगेच दाखवायचं, 'परत सुरू झाली' म्हणत घरात बसायचं नाही. एवढं आमची एएनएमसुद्धा सांगेल, आणि तिला बायका ओळखतात. आणखी एक सांगा: पाळी पुढेमागे व्हायला लागली म्हणून दिवस राहत नाहीत असं नाही. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर शेवटच्या पाळीपासून दोन वर्षं काळजी घ्यायची, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष. हे ऐकून वर्गात हसू फुटतं, मग प्रश्न आपसूक येतात.

माडाखाली:
सिस्टर, सगळं मान्य. पण कोणी हार्मोनच्या गोळ्यांचं विचारलं तर एएनएम काय सांगणार?

निसर्गप्रेमी:
हार्मोन म्हणजे कॅन्सरला आमंत्रण. शतावरी कल्प दुधातून घ्या, सकाळी प्राणायाम. माझ्या वहिनीला आठवड्यात फरक.

खाजन_किनारी:
वहिनीला बरं वाटलं, आनंद आहे. पण ही भीती आली कुठून तेही बघा. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाच्या बातमीने जगभर बायकांनी गोळ्या सोडल्या. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या बाईचा हिशेब वेगळा असतो. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेन एकटं देत नाहीत, प्रोजेस्टेरॉन जोडीला लागतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर सहसा देतच नाहीत. हे एकेकीला बघूनच ठरतं, म्हणून डॉक्टर हवी.

निसर्गप्रेमी:
तुम्ही औषध कंपनीत का?

खाजन_किनारी:
नाही. दोन वर्षं पंखा पाचवर आणि गोधडी माझ्या अंगावर, असा संसार केलेला नवरा आहे.

एकटा_जीव:
पुरुषांनाही असं काही असतं का? वय ५२. हल्ली चिडचिड फार होते.

सत्तरीची_शांता:
भाऊ, वेगळा धागा काढा. खरंच काढा, मी उत्तर देईन.

कुळागर:
हाडांचं कोणीच बोललं नाही! पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने ठिसूळ होतात. नाचणीचं तिजान (पेज) सुरू करा, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी नाचणी मिळते.

माडाखाली:
गावठी म्हणून देतात. गावठी कसली, बेळगावची असते ती.

कुळागर:
माझी ठरलेली बाई आहे, पेडण्याहून येते. तिच्या नाचणीचा रंगच वेगळा.

अबोली_बार्देश:
नाचणीवाल्यांनी जरा थांबा. अपडेट: खाजन_किनारी यांनी व्यनितून म्हापशाच्या एका डॉक्टरांचं नाव दिलं, फोन झाला. कोंकणी बोलतात, पण पाचला त्यांची ओपीडी, म्हणजे साडेचारला निघणार. शांताताई, तुमचं ऐकून चहा सव्वातीनलाच ठेवते. सिस्टर, तुम्ही येणार का? डॉक्टर गेल्यावर मागे राहिलेल्यांशी बोलायला कोणीतरी हवं. लिहिता न येणाऱ्यांचे प्रश्न एएनएम आदल्या दिवशी घरी जाऊन चिठ्ठीवर उतरवून आणणार आहे, नाव न घालता.

निवृत्त_सिस्टर:
येईन. पण परतीची बस सहानंतर नाही, कोणीतरी म्हापशापर्यंत सोडा.

अबोली_बार्देश:
माझी स्कूटर आहे, सोडते. आता एकच: शाळेचा माईक बंद पडलाय. थिवी-कोलवाळ भागात भाड्याने कोण देतो? नंबर व्यनि करा. झूम नको.