प्रति: यूरोनिमसवरची पटकथा कुठून सुरू करावी?

यूरोनिमस म्हणजे नॉर्वेतल्या 'मेहेम' या ब्लॅक मेटल (हेवी मेटलचा एक गडद, आक्रमक प्रकार) बँडचा गिटारवादक ओयस्टाइन ऑर्सेथ. त्याच्यावरच्या चित्रपटाची पटकथा त्याच्या हत्येपासून सुरू करावी असं आधीच्या एका उत्तरात सुचवलं आहे, ते मला पटत नाही. 10 ऑगस्ट 1993 ला ऑस्लोत ऑर्सेथ मारला गेला हे ब्लॅक मेटलवाल्यांना पाठच असतं. 'लॉर्ड्स ऑफ केऑस' या चित्रपटात (2018) योनास ऑकरलुंड आणि डेनिस मॅग्नुसन यांनी त्यालाच निवेदक केलं. माहिती भराभर पोचते, पण त्याचा दिखावा खरा किती, हे प्रेक्षकाने शोधायचं राहून जातं.

माझ्या मते कथेचा खरा सांधा एप्रिल 1991 आहे. बँडचा गायक 'डेड' याच्या आत्महत्येनंतर ऑर्सेथने त्या मृत्यूचा बँडच्या प्रतिमेसाठी वापर केला, बासिस्ट नेक्रोबुचर दुरावला. त्याच वर्षी ऑर्सेथने 'हेल्वेटे' हे रेकॉर्डचं दुकान उघडलं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. 110 पानं धरली तर बँडची 1984 ते 90 ही वर्षं पहिल्या दहा-बारा पानांत उरका आणि पंचविसाव्या पानाच्या आसपास हा सांधा आणा. आत्महत्येची पद्धत दाखवू नका. मृतदेह पाहणाऱ्या ऑर्सेथचा चेहरा पुरतो, आणि पुढे तो काय करतो तेच महत्त्वाचं.

गाण्यांचे हक्क मसुद्याआधीच बघा. रचनेची आणि ध्वनिमुद्रणाची परवानगी वेगवेगळी लागते. एकाच गाण्यावर प्रसंग उभारला आणि नकार आला, तर अख्खा प्रसंग कोसळतो. ऑर्सेथला मारणाऱ्या वर्ग व्हिकेर्नेस या संगीतकाराने स्वसंरक्षणाचा दावा केला होता, न्यायालयाने तो फेटाळून 21 वर्षांची शिक्षा दिली. त्यामुळे हत्येचा प्रसंग निकालपत्राला धरून लिहा.